अक्कल गुडघ्यात

ग्रिम्सबीचं इस्पितळ, तळमजला, खोली नंबर चार.
फॉर्मवर नाव: बारेदो, एलोय. वय एकोणपन्नास.
व्यवसायाच्या रकान्यात काहीतरी लिहून खोडलेलं,
मग: निवृत्त.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.
पण काउंटरवरची मॉरीन त्याला बघून उभी राहिली,
मोठ्या डॉक्टरांनाही जी बसूनच चष्म्यावरून बघते ती मॉरीन,
आणि म्हणाली, 'एऽलॉय',
बाजारात हॅडॉकचा भाव पुकारावा तसं.
एकेकाळी सहा हजार माणसं असंच पुकारायची म्हणे.

पँट वर घ्या, मी म्हटलं. डावा की उजवा?
'दोन्ही. पण डाव्यापासून सुरू करा.
डावा जास्त बोलतो.'

आमच्याकडे एखाद्याला मूर्ख म्हणायचं असलं
तर त्याची अक्कल गुडघ्यात आहे म्हणतात.
हे त्याला सांगायला नको होतं. सांगितलं.
तो इतका हसला की फोटो पुन्हा घ्यावा लागला.
'खरंय,' म्हणाला, 'माझी तिथेच होती.
डोक्याला कळायच्या आत गुडघ्याला कळायचं
बचावातला कुठला गडी दमलाय, चेंडू कुठे पडणार,
आणि मी तिथे दीड पाऊल आधी.
दीडच पाऊल. त्याचाच पगार मिळायचा.'

पडद्यावर हाडं उमटली.
सांध्यातली फट जवळजवळ मिटलेली,
दोन घरांमधली बोळ कोणी रातोरात बांधून काढावी तशी.
एक जुना स्क्रू. 'हा हिखोनचा. एकविसावं वर्ष.
डॉक्टर म्हणाले होते, कुठेतरी कारकून हो.'
कडेला वाढलेले हाडाचे काटे. 'हे तुमच्या गावचे.
नऊ हिवाळे. मैदान दगडासारखं,
गुरुवारी इंजेक्शन, शनिवारी गोल.'
मी विचारलं नव्हतं, तरी आकडा सांगितला: त्र्याऐंशी.
मग थांबला.
'ब्याऐंशी.'

मार्च महिना, समुद्रावरून वारा, शेवटची चार मिनिटं.
कर्टिस ब्लँचर्ड, वय एकोणीस, पहिलाच मोसम,
त्याने लांबून मारला, आणि वाटेत हा.
चेंडू गुडघ्याला चाटून गेला की नाही गेला,
याने हात वर केला.
सगळे येऊन अंगावर पडले. कर्टिस सर्वांत आधी.
मे महिन्यात क्लबने कर्टिसचा करार संपवला.
'एका गोलने काही वाचला असता असं नाही,' तो म्हणाला,
आणि ते वाक्य वापरून वापरून
कल्हई गेलेल्या भांड्यासारखं वाजलं.

मग पडद्याकडे बोट: 'यात दिसतं का?
लागला होता की नाही?'

मिरजेत शिकले, लीड्सला पुन्हा पहिल्यापासून शिकले.
हाडांत लहानपणीचं पडणं दिसतं, उपासमार दिसते,
तोंडाने जिना सांगितला तरी
नवऱ्याने पिरगळलेला हात दिसतो.
चेंडू चाटून गेलेला दिसत नाही.
नाही, मी म्हटलं.

'त्याची मुलगी येते माझ्याकडे शिकायला. बुधवारी.
पाय डावा, आणि घाई फार.
तो कुंपणापाशी उभा असतो, फ्रीझरची लॉरी बाहेर लावून,
हातात दोन चहा. एक माझा.
साखर किती लागते ते त्याला अजून आठवतं.'
पुढे काही बोलला नाही.

आता उजवा. हलू नका, मी म्हटलं.
आणि गावाने ज्याला नऊ वर्षं
पळ, पळ म्हणून ओरडून घेतलं,
तो इतका निश्चल पडून राहिला
की मीच बटण दाबायला विसरले.

तो लंगडत गेल्यावर मॉरीनने विचारलं,
'काय गं, गोल किती सांगितले?'
ब्याऐंशी.
'त्र्याऐंशी,' ती म्हणाली, खुर्चीत परत बसत.
'वय झालं त्याचं. मी प्रत्येकाला हजर होते.'